केळीच्या मापाने लावलेलं रान

रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या सत्संग मंडळाला झाडं आठवतात. एरवी भजन, पारायण, अन्नदान आणि एकादशीचा फराळ यांत झाडांना जागा नसते. पण मे सरत आला, रावेरच्या बाजारात ताडपत्र्या लटकू लागल्या, की मोबाईलवर निरोप येतो: यंदाही वृक्षारोपण करायचे आहे, सर्वांनी उपस्थित राहावे. खाली जोडलेल्या हातांची पंचवीस चित्रं. मी ते वाचते आणि माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, तू फार चिडकी झालीस. झाले असेन. तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवून आणि त्यातली वीस वर्षं मंडळात टाळ वाजवून माणूस शांत होतो, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा आमच्या मीटिंगला यावं.

हे दिवसच तसे. दुपारी बाराला रस्ता ओस पडतो. कुलरमधून येणारी हवासुद्धा भाजून आल्यासारखी लागते. फक्त केळीच्या बागेच्या बांधावर उभं राहिलं की आतून ओला, गार वास येतो, आणि पाचच पावलं मागे सरकलं की पुन्हा भट्टी. सातपुडा समोर असतो पण दिसत नाही, धुळकट पांढरा होऊन बसतो. लोकांचं सगळं लक्ष वावधनाकडे, म्हणजे त्या वादळी वाऱ्याकडे, जो एका संध्याकाळी येतो आणि घडाला आलेली बाग आडवी करून जातो. अशा दिवसांत मला दर वर्षी ते एक साल आठवतं. चार वर्षं झाली. विसरावं म्हटलं तरी मंडळच विसरू देत नाही, काय करणार?

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतो तिथे मंदिराची दोन एकर जमीन आहे. काळी, चिकण, पावसात पाय धरणारी. शेजारी नानांची केळीची बाग. नाना म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, हाताला सतत ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवून फिरवून आलेले घट्टे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर माझ्या बोलण्यावरून तुमचा गैरसमज व्हायचा. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिला ट्रॅक्टर नानांचा येतो. आमच्या शाळेच्या संस्थेवरही ते आहेत. तर त्या साली नानांच्या मनात आलं, की मंदिराच्या जमिनीत झाडं लावायची आणि ती वरच्या पावरा आदिवासींच्या वस्तीतल्या पोरांच्या हातून लावायची. पोरं रिकामी फिरतात, व्यसनाला लागतात, त्यांना चांगल्या मार्गाला लावू, धर्माचंही काम, पर्यावरणाचंही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी तर सगळ्यात जास्त हलवली.

वस्तीवर जायचं काम माझ्याकडे आलं, कारण तिथली पाच-सहा मुलं माझ्या हाताखाली शिकली होती. त्यातली रमिला मला चांगली लक्षात होती. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि न विचारता बरोबर उत्तर पुटपुटायची. तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या वस्तीतलं ते पहिलंच नाव कॉलेजच्या हजेरीत. मी गेले तेव्हा ती अंगणात मोहाची टोळंबी, म्हणजे त्याच्या बिया, फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आम्ही तं दर साली लावतो. डोंगरात. बी टोचतो." मला ठाऊकच नव्हतं. पंधरा-वीस मुलं-मुली मृगाच्या तोंडावर अंजनाचं, चारोळीचं, मोहाचं बी पिशवीत घेऊन डोंगरात जातात, काठीने भोक पाडतात, बी टाकतात, वर काटेरी फांदी ठेवतात आणि परत येतात. कुणी बॅनर लावत नाही, त्यामुळे खाली रावेरात कुणाला कळत नाही.

त्या मुलांची मला एक गंमत वाटायची. त्यात तिघांनी गळ्यात माळ घातली होती, चौघं रविवारच्या प्रार्थनेला जायची, आणि बाकीची वाघदेवाला नारळ फोडणारी. रमिलाच्या घरात तर तिन्ही प्रकार होते. बी टोचायला मात्र सगळी एकत्र. निघण्यापूर्वी वाघदेवाच्या दगडापाशी थांबायचं, ज्याला जे म्हणायचं ते मनात म्हणायचं आणि चालू लागायचं. त्यावर त्यांनी कधी मीटिंग घेतली नसावी.

आम्ही घेतली. प्रार्थनेला जाणाऱ्या पोरांनी मंदिराच्या जमिनीत खड्डे खणले तर चालेल का, यावर आमच्या मंडळाने पाऊण तास चर्चा केली. मी घड्याळ बघत होते. शेवटी कापडदुकानवाले शेठजी, जे आईच्या स्मरणार्थ सगळी रोपं देणार होते, ते म्हणाले, "खड्डा तो खड्डा है, उसमें क्या." आणि विषय मिटला. मला तेव्हा हसू आलं होतं. आता आठवलं की संताप येतो, कारण त्या पाऊण तासात कोणती झाडं लावायची, कशी जगवायची, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

मृगाच्या दुसऱ्या आठवड्यात लागवड झाली. दोन खांबांना मोठा बॅनर: पर्यावरणसेवेतून वनवासी युवकांचे सक्षमीकरण. बॅनरखाली आम्ही खुर्च्यांवर, आणि सक्षम व्हायची ती मुलं उन्हात पहाटेपासून खड्डे खणत होती. सक्षम कोण होतं ते कुणीही बघून सांगितलं असतं. नानांनी दोरी आणली होती, गाठी मारलेली. पाच फुटांवर गाठ. दोन्ही बाजूंनी पाच-पाच फूट. आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल की हे केळीचं माप आहे. वड, पिंपळ, उंबर, बेल, कडुलिंब अशी शेठजींची रोपं, आणि लावायची पाच बाय पाचवर. नानांच्या बागेतून ठिबकच्या नळ्याही ओढल्या होत्या. आमच्या भागातल्या माणसाला एकच झाड मनापासून कळतं आणि ते झाड नसतंच. केळ. ते त्याला असं कळतं, की त्याची पदवी घेतलेली पोरंही त्याला काही शिकवू शकत नाहीत. मग त्याला वाटतं, जे केळीला कळलं ते वडालाही कळेल.

रमिलाने नानांना सांगितलं. सगळ्यांसमोर, पण आवाज खाली ठेवून. "नाना, वडाले वीस हात जागा द्या लागते. आन् रोज पाणी देलं तं मूळ खाली जात नाही. उन्हाळ्यात मरते ते."

नाना हसले. रागावले नाहीत, त्यांना गंमत वाटली. "पोरी, चाळीस वर्षं झाली मले बाग लावता. पाणी देलं का झाड वाढते. कायले भेतं?"

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "व ताई, तुमची विद्यार्थीण हुशार हाये बरं."

मी नववीला मुळांचा धडा शिकवते. पाणी वरच मिळालं तर मुळं वरच पसरतात, पाणी शोधावं लागलं तर खोल जातात, हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून सांगते. रमिलालाही मीच ते सांगितलं होतं, आणि तिच्या आज्याने माझ्याही आधी. मी नानांना म्हणाले, "हो, हुशार आहे." एवढंच म्हणाले.

दुपारी पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तुपाची धार. मंडळ आधी बसलं आणि मुलं नंतर, कारण मुलांचे हात चिखलाचे होते म्हणे. हात धुवायला कितीसा वेळ लागतो? पण कुणाच्या ते मनात आलं नाही आणि मुलांनाही त्याची सवय होती. रमिला मात्र पंगतीला बसली नाही. ती दोरीच्या बाहेर, जमिनीच्या कडेकडेने काठीने भोकं पाडत फिरत होती. अंजनाचं बी टोचत होती. मी विचारलं तर म्हणाली, "राहू द्या मॅडम. कडेला हाये. कोनाच्या आड नाही येत."

पंगत उठल्यावर नानांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, आणि इथून पुढे हा खेळ राहिला नाही. पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, झाडं जगली, तर ही दोन एकर जमीन पाच वर्षं वस्तीच्या मुलांकडे सांभाळायला द्यायची. रोपवाटिका त्यांनीच चालवायची. रमिला प्रमुख, तिला महिन्याचं मानधन. टाळ्या झाल्या. त्याच संध्याकाळी रमिलाचे वडील माझ्या घरी आले. उंबऱ्यातच उभे राहिले, कितीही म्हटलं तरी आत येईनात. दिवाळीनंतर त्यांचं घर ऊसतोडीला जातं. त्या साली रमिलालाही नेणार होते, कॉलेज सोडवून. ते म्हणाले, "बाई, एक साल ठेवतो तिले इठं, तिच्या आत्याकडे. नानानं शब्द देला म्हनून. झाडं जगली तं शिकू द्या तिले." मी म्हणाले, "मी आहे ना." हे तीन शब्द मी किती सहज म्हणाले होते.

श्रावण-भादव्यात झाडं अशी वाढली की विचारू नका. ठिबकमधून नाना युरिया सोडत होते, केळीला सोडतात तसाच. कार्तिकात पिंपळ माझ्या खांद्याला लागले. पानं मोठी, मऊ, पोपटी. मंडळ दर रविवारी फोटो काढायला जायचं. जिल्ह्यातून कुणी कुणी पाहुणे आणले, जामनेरच्या एका मंडळाने तर आमची पद्धत उतरवून नेली. रमिला प्रत्येक भेटीत मला एकच सांगायची, पाणी तोडा, चार दिवसांआड करा. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, बोलते नानांशी. एकदा बोललेही. नाना म्हणाले, "वाढतं झाड पाहून पोट दुखतं का काय तिचं?" आणि मी हसले. कडेचं अंजन तोवर दीड वीत झालं होतं, काडीसारखं. अंजन आधी खाली वाढतं, वर्ष-दोन वर्षं वर काही दाखवतच नाही. पौषात कुंपणाचे खांब रोवताना नानांच्या गड्याने ते सगळं तण म्हणून उपटून टाकलं. उपटताना मूळ तुटत होतं, इतकं खोल गेलं होतं, हे त्या गड्यानेच नंतर मला सांगितलं. रमिला त्या दिवशी काही बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

चैत्र आला. वस्तीवर मोहाची फुलं पडू लागली, सगळ्या हवेला तो जड गोड वास. नानांची बाग निसवली होती, घड बाहेर पडत होते, आणि बोअरचं पाणी खाली गेलं होतं. विजेचे तास कमी. आखाजीला बारा दिवस असताना नानांनी मंदिराच्या जमिनीकडचा व्हॉल्व्ह बंद केला. चार दिवसांसाठी, म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. केळीला ऐन घडाच्या वेळी पाणी तोडलं तर वर्ष गेलं. कुणाला काय अधिक प्रिय असावं, हे मी कोण सांगणार?

मी तेव्हा माहेरी होते, धुळ्याजवळ. आखाजीला खानदेशातली बाई माहेरी जातेच, आणि मी त्या साली बारा दिवस आधीच गेले होते. भावजयांबरोबर खापराच्या पुरणपोळ्या, आमरस, निंबाला बांधलेला झोका. तिथे मी मॅडम नसते, ताई नसते, घरात बठ्ठा, म्हणजे सगळे, अहिराणीत बोलतात आणि मीही लहान होते. तिसऱ्या दिवशी रमिलाचा फोन आला. "मॅडम, नळी बंद हाये. पानं खाली पडून राह्यली. तुम्ही नानाले सांगा." मी म्हणाले, "लगेच सांगते." फोन ठेवला, तोवर आंबे पिळायला कुणीतरी हाक मारली. मी नानांना फोन केला नाही. विसरले म्हणावं तर दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला, तेव्हाही मी "सांगते" म्हणाले. सणासुदीला कुठे नानांशी वाद घालायचा, असं वाटलं. खरं ते हे.

व्हॉल्व्ह आठ दिवस बंद राहिला. त्या आठ दिवसांतले चार दिवस वस्तीच्या मुलांनी हंड्यांनी पाणी घातलं. हातपंपावरून, अर्धा कोस चढउतार करून, सकाळ-संध्याकाळ. माळवालेही, प्रार्थनेचेही, बाकीचेही. पाचव्या दिवशी हातपंप गाळ ओकू लागला आणि वस्तीतल्या बायांनी त्यांना अडवलं. लेकरांना प्यायला नाही आणि तुम्ही देवाच्या झाडांना घालता? त्या बायांचं काय चुकलं? वरवर पसरलेली मुळं होती सगळी. नळीच्या भोकाखाली हातभर जागेत गुंतून बसलेली. खांद्याएवढे पिंपळ आठ दिवसांत उभेच्या उभे वाळले. मी परत येऊन बघितलं तेव्हा पानं झाडावरच होती, हात लावला की चुरा होत होता.

आखाजीनंतर मंदिराच्या सभामंडपात मीटिंग झाली. पंखा गरगरत होता, शेठजींच्या आईच्या नावाची पाटी वाळल्या झाडाला लटकत होती म्हणून त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. कुणीतरी म्हणालं, पोरांनी राखण केली नाही. दुसरा म्हणाला, त्यांच्या अंगात कामच नाही. तिसऱ्याने सांगितलं की ती मोहाची फुलं वेचायला जात होती. नाना जमिनीकडे बघत होते. व्हॉल्व्हबद्दल ते बोलले नाहीत आणि त्यांना कुणी विचारलं नाही. मग ते म्हणाले, "लिहा ताई." मंडळाचं इतिवृत्त मी लिहिते, अक्षर चांगलं म्हणून. मी लिहिलं: राखण करणाऱ्या मुलांच्या दुर्लक्षामुळे रोपे जळाली, सबब जमीन देण्याचा विचार रद्द. एकही खाडाखोड नाही. त्या जूनमध्ये शाळेत मुख्याध्यापकपदाची जागा निघणार होती, नाना संस्थेवर होते आणि ज्येष्ठता यादीत माझ्या बरोबरीने आणखी एक नाव होतं. मी कधी कुणाला हे कारण म्हणून सांगितलं नाही. जूनमध्ये मी मुख्याध्यापिका झाले. पेढे नानांनीच वाटले.

दिवाळीनंतर रमिला आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली. एक साल, मग दुसरं. कॉलेजच्या हजेरीतलं नाव कमी झालं. वस्तीतली बाकीची मुलं डोंगरात बी टोचायला जातात की नाही, मला माहीत नाही, कारण मी तिकडे गेलेच नाही. मंडळाने मात्र दर मृगात त्याच जमिनीत झाडं लावली. तेच खड्डे, तीच दोरी. दर वर्षी वाळली. दर वर्षी कुणीतरी म्हणालं, लोकांना कदर नाही. मी घरी येऊन भांडी आपटायचे, नवऱ्याशी भांडायचे, वर्गात मुलांवर ओरडायचे. अहिराणीत स्वतःशीच बडबडायचे, या बठ्ठा सारखाच शेतस, हे सगळे सारखेच. त्यात मी स्वतःला धरत नव्हते, हे आता लक्षात येतं.

यंदा निरोप आला आणि मी ठरवलं, की पुरे. निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत. आठ महिने राहिल्यावर माणसाला धाडस येतं, त्याची किंमत मला माहीत आहे. मीटिंगमध्ये उभी राहिले आणि सगळं सांगितलं. केळीचं माप, नळी, व्हॉल्व्ह, हंडे, आलेले दोन फोन. आणि इतिवृत्त मी खोटं लिहिलं, हेही. मला वाटलं आता भडका उडणार.

काही उडालं नाही. नानांनी चष्मा पुसला. थकले आहेत ते आता. म्हणाले, "ताई, झालं गेलं गंगेला मिळालं. माह्या हातून चुकलं असंन." शेठजींनी पाणी पुढे केलं. मग नाना म्हणाले, "पन यंदा खड्ड्यांले मानसं लागतीन. ते पोरीशी तुम्हीच बोला. तुमचं ऐकते ते." बाकीच्यांनी माना हलवल्या. विषय संपला, प्रसादाचा शिरा आला. चार वर्षं पोटात घेऊन फिरले ते एवढ्यात निकालात निघालं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना.

रमिला आता रावेरच्या बाहेर एका केळीच्या पॅकिंग हाऊसवर कामाला आहे. मी गेले तेव्हा सकाळची गाडी भरायची होती. मोठ्या हौदात तुरटीचं पाणी, त्यात हिरव्या फण्या तरंगत होत्या. बायका ओळीने उभ्या राहून त्या धूत होत्या, पुसत होत्या, खोक्यात निजवत होत्या. रमिलाने मला बघितलं आणि मान हलवली. हात पाण्यातून काढले नाहीत. बोटांची कातडी पांढरी पडली होती. मी हौदाच्या अलीकडे उभी राहून सांगितलं. काल मीटिंगमध्ये मी सगळं बोलले, खरं ते सांगितलं, माझी चूकही सांगितली. तिने शांतपणे ऐकलं, वर्गात ऐकायची तसं.

"यंदा खड्डे कोन खनते?" तिने विचारलं.

मी हौदातल्या फण्यांकडे बघू लागले. तिला कळलं.

"मॅडम, ते मीटिंग झाली ना आखाजीनंतर, ते मले कळली होती. मी आली होती. मंदिराच्या मांगच्या दाराले उभी होती." तिने एक फणी उचलून बघितली, डाग होता, बाजूला ठेवली. "नाना बोलनार नाही, ते मले ठाव होतं. तुम्ही बोलसान म्हनून थांबली होती. तुम्ही लिहून झाल्यावर वाचून दाखवलं ना, तोवर थांबली."

मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं, तू तिथे होतीस."

"माहीत असतं तं बोलल्या असत्या?"

मागून मुकादम ओरडला, गाडी लागली आहे. तिने हात पुन्हा पाण्यात घातले. मी तिथेच उभी राहिले, आणि होय म्हणायला तोंड उघडलं, पण ते निघालं नाही.